बोट ठेवायला जागा

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी पेशंटला भेटायला जाते तेव्हा माझे प्रश्न ठरलेले असतात. कवळी आहे का, दात हलतो का, आधी कधी भूल घेतली होती का, जिना चढताना दम लागतो का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. मग मान मागे करायला सांगायची, तोंड उघडायला लावायचं, पाठीच्या मणक्यांवरून हात फिरवायचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्या दिवशीच्या काकांनी माझा कागद भरून होईपर्यंत सगळी उत्तरं दिली, आणि मग शर्ट वर करून तर्जनीने छातीच्या हाडाखालून बेंबीच्या खालपर्यंत एक सरळ रेघ ओढली. ‘‘एवढा छेद? की हे?’’ असं म्हणून पोटावर पाच-सहा ठिकाणी बोटाने टिंबं दिली.

आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस. त्यांना आकडा हवा होता, तोही सेंटिमीटरमध्ये.

मी नेहमीचं उत्तर दिलं, ‘ते सर्जन ठरवतील.’ हे उत्तर खरं असतं आणि पळपुटंही. स्वादुपिंडाच्या ऑपरेशनाला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस हा प्रश्न विचारतो, पेशंट नाही तर त्याचा मुलगा, सून, भाऊ. ‘पोट फाडणार की दुर्बिणीतून?’ जणू दोन वेगवेगळी ऑपरेशनं आहेत, एक जुनं आणि क्रूर, दुसरं नवं आणि सौम्य. मी वीस-बावीस वर्षं टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला बसते आहे. पेशंटच्या छातीपाशी लावलेल्या कापडी पडद्याच्या अलीकडून दोन्ही पाहिली आहेत. त्या प्रश्नाचा मला पूर्वी राग यायचा. आता येत नाही, कारण पोटावर दिसणार आहे तेवढ्याचीच भीती माणसाला मोजता येते. आत काय चाललं आहे ते त्याला दिसत नाही. खरं सांगायचं तर बराच काळ ते मलाही दिसत नव्हतं.

मुळात हा अवयवच आडजागी बसलेला. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून, आडवा. वीतभरही लांब नाही, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. त्याचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात रुतलेलं आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेलं. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी जाडजूड शीर त्याच्या मानेच्या अगदी मागून जाते. आतड्यांना रक्त पुरवणारी धमनी तिला लागून. पित्ताची नळी डोक्यातून आरपार. गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याला तर हा अवयव म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्या जपण्यासाठी ठेवलेली उशी वाटली होती. ग्रीकांनी दिलेल्या नावाचा अर्थही ‘सगळं मांसच’ एवढाच. आत काही चालत असेल अशी शंका कोणाला आली नाही.

ती यायला १६४२ साल उजाडलं. पाडुआमध्ये विर्सुंग नावाच्या जर्मन माणसाने फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या शवात स्वादुपिंडाच्या मधून जाणारी नळी शोधली. ती कशासाठी आहे हे त्यालाही कळलेलं नव्हतं. त्याने तांब्याच्या पत्र्यावर तिचं चित्र कोरून घेतलं आणि त्याचे छाप ठिकठिकाणच्या शरीरशास्त्रज्ञांना पाठवले. पुढच्याच वर्षी त्याचा गोळी घालून खून झाला. त्याच्या नावाची ती नळी निरोगी स्वादुपिंडात दोन-तीन मिलिमीटर रुंद असते. म्हणजे पेनातल्या रिफिलएवढी. माझे सर्जन मित्र ज्या गोष्टीसाठी रात्रीची झोप घालवतात ती गोष्ट ही.

कारण या नळीतून दिवसाला लिटर-दीड लिटर रस वाहतो आणि त्या रसाचं काम मांस आणि चरबी पचवणं हे आहे. आतड्यात असेल तर तो अन्न पचवतो. टाक्यांतून झिरपून पोटाच्या पोकळीत आला तर समोर येईल ते पचवायला लागतो. शेजारची धमनीसुद्धा. सर्जनांच्या जगात एक जुना सल्ला फिरतो, ‘जमेल तेव्हा खा, जमेल तेव्हा झोप, आणि स्वादुपिंडाच्या वाटेला जाऊ नको.’ शिकाऊ असताना मला तो विनोद वाटायचा.

आता, ‘स्वादुपिंडाचं ऑपरेशन’ या एका नावाखाली निदान दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात, आणि सगळी गफलत इथेच होते. गाठ शेपटाकडे असेल तर तेवढं शेपूट कापायचं, बऱ्याचदा बरोबर प्लीहाही जाते, आणि उरलेल्या भागाचं तोंड बंद करायचं. काढायचं आणि बंद करायचं, जोडायचं काही नाही. गाठ डोक्यात असेल तर डोकं, त्याला चिकटलेलं आतड्याचं वळण, पित्ताच्या नळीचा खालचा भाग, पित्ताशय, कधीकधी जठराचा शेवटचा तुकडा असं सगळं एकत्र बाहेर काढावं लागतं, कारण या सगळ्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सामाईक आहेत. आणि मग आतड्याचा पुढचा भाग वर ओढून त्याला तीन ठिकाणी जोडायचं. स्वादुपिंडाचं उरलेलं टोक, पित्ताची नळी आणि जठर. काढायला तीन-चार तास लागतात आणि जोडायला पुन्हा तेवढेच. याला व्हिपल म्हणतात.

ॲलन व्हिपल न्यूयॉर्कचा सर्जन. त्याच्या आधी इटलीत कोडिविलाने १८९८मध्ये प्रयत्न केला होता. पेशंट काही आठवडेच जगला. बर्लिनमध्ये काऊशने १९०९ साली दोन टप्प्यांत ऑपरेशन करून दाखवलं. व्हिपलने १९३५मध्ये आपल्या पहिल्या तीन पेशंटांची हकीकत छापली तीही दोन टप्प्यांचीच. दोन टप्पे का, तर डोक्यातल्या गाठीने पित्ताची वाट अडते, कावीळ होते आणि काविळीत रक्त गोठत नाही. आधी पित्ताला दुसरी वाट काढून द्यायची, कावीळ उतरू द्यायची, काही आठवड्यांनी पुन्हा पोट उघडायचं. १९४०मध्ये बघायला आलेल्या पाहुण्या सर्जनांसमोर व्हिपलने जठराचा कर्करोग समजून एक पोट उघडलं, तर गाठ निघाली स्वादुपिंडाच्या डोक्यात. पेशंटला कावीळ नव्हती, रक्त नीट गोठत होतं. त्याने एकाच बैठकीत सगळं उरकलं आणि पेशंट जगला. त्याच सुमाराला के जीवनसत्त्व हाताशी आलं आणि काविळीतला रक्तस्राव आवरता येऊ लागला. भूलतज्ज्ञ म्हणून मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. ऑपरेशनचा इतिहास चाकूच्या नावाने लिहिला जातो, पण चाकू पुढे सरकतो तो कोणीतरी रक्त, श्वास, वेदना यांपैकी एखादी गोष्ट ताब्यात आणली म्हणून.

तरीही पुढची तीसेक वर्षं हे ऑपरेशन बदनामच राहिलं. साठ-सत्तरच्या दशकांत चारातला एक पेशंट दगावायचा. १९७०मध्ये जॉर्ज क्राइल यांच्यासारख्या मोठ्या सर्जनने जाहीरपणे लिहिलं की गाठ काढायच्या फंदात पडू नका, पित्ताला वाट करून द्या आणि थांबा. हे सगळं पोट उघडून, हात आत घालून, पूर्ण उजेडात चाललेलं होतं. छेद मोठा होता म्हणून माणसं मरत नव्हती.

मी शिकले ते या उघड्या पद्धतीत. तिची एक लय असते. पाठीतून एपिड्युरलची बारीक नळी घालायची, म्हणजे जागं झाल्यावर छेदाची वेदना सुसह्य होते. मनगटाच्या धमनीत एक लाइन, मानेच्या शिरेत एक. पोट उघडल्यावर सर्जन आतड्याचं वळण मागून मोकळं करतो आणि आपला डावा हात स्वादुपिंडाच्या डोक्याखाली सरकवतो. अंगठा वर, चार बोटं खाली. त्या क्षणी त्याचे डोळे बहुतेक वेळा पोटात नसतात. तो समोरच्या भिंतीकडे किंवा माझ्या मॉनिटरकडे पाहत असतो, आणि बघत असतो बोटांनी. गाठ किती कडक आहे, धमनीला चिकटली आहे का, धमनीचे ठोके गाठीतून लागतात की शेजारून. मग स्वादुपिंडाच्या मानेमागे, त्या मोठ्या शिरेच्या अंगावरून, बोथट क्लॅम्प सरकवत बोगदा करायचा. हा टप्पा मी इतक्यांदा अनुभवला आहे की सर्जनने श्वास रोखला की मला पडद्याअलीकडून कळतं बोगद्याचं काम सुरू झालं.

इन्सुलिनोमा नावाची एक छोटी गाठ असते, अनेकदा दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान, जी इन्सुलिन ओतत राहते आणि माणूस साखर उतरून बेशुद्ध पडत राहतो. एका बाईंच्या अशा गाठीसाठी आमचे एक ज्येष्ठ सर्जन स्वादुपिंडावरून तर्जनी आणि अंगठा फिरवत होते, गादीतला हरवलेला खडा शोधावा तसे. स्कॅनमध्ये ती नीट दिसली नव्हती. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, ‘‘सापडली.’’ गाठ काढली, मी साखर तपासत राहिले, आणि अर्ध्या तासात आकडा चढायला लागला. माझ्या हातातल्या छोट्या यंत्राने त्यांच्या बोटाला दिलेली ती पावती होती.

दुर्बिणीने पहिल्यांदा काढून घेतलं ते हे बोट.

(‘दुर्बीण’ हा शब्दच गमतीशीर आहे. लांबचं जवळ दिसावं म्हणून ती असते. इथे ती पोटात, गाठीपासून चार बोटांवर असते.)

१९८५मध्ये जर्मनीत एरिख म्यूहेने पित्ताशय दुर्बिणीतून काढलं तेव्हा त्याच्या बिरादरीने त्याला वेड्यात काढलं. दहा वर्षांच्या आत पित्ताशयाची तीच रूढ पद्धत झाली. पित्ताशय म्हणजे एक पिशवी, ती काढायची आणि निघायचं. स्वादुपिंडाचं डोकं गान्ये आणि पॉम्प यांनी दुर्बिणीतून काढल्याचं १९९४मध्ये छापून आलं. करून दाखवता येतं हे सिद्ध झालं, पण त्यानंतर बरीच वर्षं हे काम करणारे जगात बोटावर मोजण्याइतकेच राहिले.

माझ्या बाजूने काय बदलतं ते सांगते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुग्यासारखं फुगवतात, पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर दाबाने. छाती आणि पोटामधलं श्वासपटल वर ढकललं जातं, फुप्फुसांना जागा कमी पडते, हृदयाकडे परतणारं रक्त थोडं अडतं. तो वायू रक्तात शोषला जातो आणि माझ्या मॉनिटरवरचा श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा हळूहळू चढतो. पाच-सहा तास मी त्याच्याशी रस्सीखेच खेळते. आणि जागं झाल्यावर पेशंट सांगतो, पोट ठीक आहे, खांदा का दुखतोय? वायूने ताणलेल्या श्वासपटलाची कळ खांद्यात उमटते.

खोलीही बदलते. दिवे मंद करतात. सगळे स्क्रीनकडे पाहतात. आधी सगळी डोकी पेशंटवर वाकलेली असायची, आता सगळ्या माना वर असतात. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. इतकी वर्षं पडद्याअलीकडे बसून मला जे कधी दिसलं नव्हतं ते स्क्रीनवर दिसलं. स्वादुपिंड फिकट पिवळसर, बारीक बारीक दाण्यांचं असतं. ती मोठी शीर निळी-जांभळी आणि श्वासाबरोबर किंचित हलणारी. तिला मिळणाऱ्या केसाएवढ्या फांद्या, ज्यांची नावं मी परीक्षेसाठी पाठ केली होती, त्या दहापट मोठ्या होऊन समोर होत्या. सर्जनलाही उघड्या पोटात इतकं स्वच्छ दिसत नाही. हाताने जे गमावलं त्यातलं बरंच डोळ्याने परत आणलं. छोट्या गाठी शोधायला आता आत जाणारा सोनोग्राफीचा प्रोब असतो. तो बोटाचं काम करतो, कधी बोटापेक्षा सरस.

शेपटाच्या ऑपरेशनाबद्दल मी आता वाद घालत नाही. तिथे दुर्बीण जिंकली आहे. नेदरलँड्समधल्या १४ केंद्रांनी १०८ पेशंटांवर चिठ्ठी टाकून केलेली तुलना २०१९मध्ये आली. दुर्बिणीवाले चार दिवसांत हिंडू-फिरू-खाऊ लागले, ओपनवाले सहा दिवसांत. मग कर्करोग असेल तर गाठ पूर्ण निघते का, अशी शंका राहिली होती, तिच्यावर २०२३मध्ये १२ देशांतल्या ३५ केंद्रांच्या अभ्यासाने उत्तर दिलं. कडेपर्यंत स्वच्छ निघण्यात दुर्बीण मागे नाही. काढायचं आणि बंद करायचं, एवढंच असेल तर लहान भोकं पुरतात.

डोक्याचं प्रकरण वेगळं. कोइम्बतूरला पळनिवेलू यांच्या चमूने ६४ पेशंटांची तुलना २०१७मध्ये छापली. दुर्बिणीवाले सातव्या दिवशी घरी, ओपनवाले तेराव्या. आम्ही सगळे खूश. दोनच वर्षांनी पुन्हा नेदरलँड्सचा अभ्यास आला, ९९ पेशंटांचा, आणि तो मधेच थांबवावा लागला होता. ९० दिवसांत ऑपरेशनच्या गुंतागुंतीमुळे दगावलेले दुर्बिणीच्या बाजूला ५०पैकी ५, ओपनच्या बाजूला ४९पैकी १. आकडे लहान आहेत, योगायोग असू शकतो हे त्यांनीच लिहिलं, पण समोर पाच माणसं गेलेली असताना चिठ्ठ्या टाकत राहणं कोणाला जमणार? तिथले सर्जन नवखे नव्हते. रीतसर प्रशिक्षण घेतलेले होते.

मग २०२१मध्ये चीनमधून ६५६ पेशंटांचा अभ्यास आला. दोन्ही बाजूंना मृत्यू २ टक्के. दुर्बिणीवाल्यांचा मुक्काम १५ दिवस, ओपनवाल्यांचा १६. म्हणजे इतक्या खटाटोपाची कमाई एक दिवस. पण त्या अभ्यासात सर्जनला घ्यायची अट मी दोनदा वाचली. आधी किमान १०४ व्हिपल दुर्बिणीतून केलेले हवेत. खुद्द व्हिपलने हयातभरात ३७ केली. त्याला त्याच्याच ऑपरेशनाच्या अभ्यासात घेतलं नसतं.

एक प्रसंग सांगते. रुग्णालय सांगत नाही, सर्जनचं नाव तर नाहीच. ते मला आजही आदरणीय आहेत. दुर्बिणीतून व्हिपल, चौथा तास. डोकं मोठ्या शिरेपासून सोडवायचं काम चाललं होतं. स्क्रीनवर एक बारीक फांदी ताणली गेली आणि तुटली. आधी एक लाल ठिपका, मग सबंध चित्र लाल. लेन्सवर रक्त उडालं, कॅमेरा बाहेर काढून पुसून परत घालेपर्यंत खड्ड्यात तळं साचलेलं. सर्जनने चिमट्याने गॉज दाबून धरला. ‘‘मॅडम, बीपी?’’ मी आकडा सांगितला आणि रक्ताच्या पिशव्या आणायला मामांना आधीच पिटाळलं होतं. गॉज उचलला की तळं. पुन्हा दाबायचा. टाका घालायचा प्रयत्न, सुई दिसेनाशी. असं किती वेळ चाललं? नंतर मी माझा चार्ट पाहिला. अठरा मिनिटं. त्या अठरा मिनिटांत टेबलाभोवतीच्या प्रत्येकाच्या मनात एकच शब्द होता आणि तो म्हणायचा मान सर्जनचा होता. मीही म्हटला नाही. मी म्हणायला हवा होता. माझ्या हातात बीपीचा आकडा होता, म्हणजे मला हक्क होता.

शेवटी ते म्हणाले, ‘‘ओपन.’’

दिवे लागले. ब्लेड, एक लांब छेद, दोन मिनिटांत पोट उघडं. त्यांनी डावा हात आत घातला, बोटं शिरेमागे नेली आणि अंगठ्याने वरून दाबलं. रक्त थांबलं. एकदम. सक्शनचा तो घरघराटसुद्धा थांबला. मग ते पाच मिनिटं तसेच उभे राहिले, काहीही न करता, आणि मी त्या पाच मिनिटांत रक्त भरलं, बीपी वर आणलं. ‘‘झालं की सांगा,’’ ते म्हणाले. घाई कुठेच उरली नव्हती. पुढचा टाका साधा होता. पेशंट बचावला. सर्जन संध्याकाळी सर्जन्स रूममध्ये म्हणाले, ‘‘मला बोट ठेवायला जागा नव्हती हो.’’ आणि मग थोड्या वेळाने, ‘‘अठरा मिनिटं जरा जास्तच झाली.’’

त्यांच्या कामात बोट ठेवायला मला तेव्हाही जागा दिसली नाही, ती अठरा मिनिटं सोडली तर. आणि त्यांत मी वाटेकरी होते. दुर्बिणीतून सुरू करून पोट उघडावं लागलं की ऑपरेशनच्या नोंदीत ‘कन्व्हर्जन’ असं लिहितात. अभ्यासांत त्याची टक्केवारी काढतात. त्या टक्केवारीमुळे हा शब्द नापास झाल्यासारखा वाटायला लागला आहे, हे मला फार खटकतं. एखाद्या सर्जनची कन्व्हर्जनची टक्केवारी शून्य आहे असं कोणी सांगितलं तर माझ्या माणसाला मी त्याच्याकडे नेणार नाही.

रोबोने यातलं बरंच सोपं केलं असं म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. दुर्बिणीचं हत्यार म्हणजे लांब काठी. पोटाच्या भिंतीत टेकू असल्यामुळे हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. त्या काठीने दोन मिलिमीटरच्या नळीला केसासारख्या बारीक धाग्याने सहा-आठ टाके घालायचे. रोबोच्या हत्याराला मनगट असतं, चित्र खोलीसह दिसतं, हाताची थरथर गाळली जाते. सर्जन मात्र खोलीच्या कोपऱ्यात, डोकं खुपसून बसलेला. पेशंटवर चार यांत्रिक हात वाकलेले, आणि मला माझ्या पेशंटच्या छातीपर्यंत पोचायला वाट नाही. म्हणून रोबोच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, आम्ही एक सराव करतो. मी ओरडले की किती सेकंदांत हात सोडवून यंत्र मागे घेता येतं. स्पर्श तिथेही नाहीच, किंवा नव्हता. ताण जाणवू देणारी नवी यंत्रं आता येत आहेत. जुने रोबो-सर्जन म्हणतात, धागा किती ताणला ते डोळ्यांना कळतं. डोळ्यांना सवय लागली की बोटाची आठवण येत नाही म्हणे.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते, जिथे लहान भोकाने खरोखर जग बदललं. ती गाठीची नाही, सडलेल्या स्वादुपिंडाची. तीव्र दाहात कधी स्वादुपिंड आणि भोवतीची चरबी मरते, काही आठवड्यांनी तिथे पू होतो. पूर्वी पोट उघडून तो काळपट, ओला चिखल हाताने काढायचे. एकदा काढून भागत नसे. मी शिकत होते तेव्हा एका तरुण मुलाला दर दोन दिवसांनी ओटीत आणत होतो. पोट उघडंच, वर नुसती पट्टी. सहाव्या खेपेला मी त्याला मास्क लावायला गेले तर तो म्हणाला, ‘‘डॉक्टर, आज आकडे उलटे मोजतो.’’ तो गेला. त्याचा आकडा कुठवर आला होता ते माझ्या लक्षात आहे.

२०१०मध्ये ८८ पेशंटांचा एक डच अभ्यास आला. एका बाजूला तेच, पोट उघडून साफसफाई. दुसऱ्या बाजूला पायरीपायरीने जायचं. आधी कातडीतून किंवा जठरातून एक नळी घालून पू वाहू द्यायचा, थांबायचं, नाहीच भागलं तर त्याच वाटेने लहान छेदातून मेलेला भाग काढायचा. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू ६९ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आले. मृत्यू वेगळे मोजले तर फरक नव्हता. पण नळीवाल्यांपैकी ३५ टक्के लोकांना पुढे कशाची गरजच पडली नाही. छेदातून पुढे हर्निया होण्याचं प्रमाण २४ टक्क्यांवरून ७वर. इथे लहान छेद जिंकला असं म्हणतात. मला वाटतं, सर्जनांना थांबायला जमलं, ते जिंकलं. आता त्या मुलासारखे पेशंट माझ्याकडे क्वचितच येतात. एंडोस्कोपीवाले जठरातूनच वाट काढून देतात.

तर छेद. व्हिपल कसंही करा, शेवटी उजव्या-डाव्या कुशीतून एक-दोन ड्रेन, म्हणजे आतलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, बाहेर येतात आणि तिथून पुढे दोन्ही पद्धती एकाच वाटेला लागतात. स्वादुपिंड घट्ट, नळी रुंद असेल तर टाके धरतात. मऊ असेल तर ओल्या कागदाला शिवल्यासारखं होतं. टाका घट्ट ओढला तर फाटतो, सैल ठेवला तर गळतो. तिसऱ्या दिवशी ड्रेनमधल्या पाण्यातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एक पाचक द्रव्य, तपासतात. ते रक्तातल्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त आलं तर जोड झिरपतोय. त्यातले काही नुसते कागदावर झिरपतात, काही महिनाभर मुक्काम करायला लावतात, आणि फार थोड्यांत आठवड्या-दोन आठवड्यांनी ड्रेनमध्ये अचानक चमचाभर लाल रक्त दिसतं. ते दिसलं की अनुभवी सिस्टर धावत येते, कारण पाठोपाठ मोठा रक्तस्राव येणार असतो. ही सिस्टर हवी, रात्री दोन वाजता धमनी बंद करणारा रेडिओलॉजिस्ट हवा. अमेरिकेत २००२मध्ये मोजलं होतं. वर्षाला सरासरी एकही असं ऑपरेशन न करणाऱ्या रुग्णालयांत १६.३ टक्के मृत्यू, भरपूर करणाऱ्यांत ३.८. छेदाच्या लांबीने इतका फरक कधीच पडलेला नाही.

कर्करोग असेल तर त्याहीपुढे. ऑपरेशननंतर केमो पेलणाऱ्या निवडक पेशंटांत चार औषधांचा मिलाफ एका औषधापेक्षा सरस ठरला, २०१८मध्ये. निम्मे पेशंट ५४.४ महिन्यांहून जास्त जगले, दुसऱ्या बाजूला ३५. म्हणजे ऑपरेशनमधून केमोपर्यंत धडधाकट पोचणं, तेही वेळेवर, हीच मोठी मजल.

यातलं थोडंसं मी त्या संध्याकाळी काकांना सांगितलं. सगळं नाही. ड्रेनबद्दल सांगितलं, तिसऱ्या दिवसाबद्दल सांगितलं, आणि सर्जनना काय विचारा तेही. त्यांनी शर्ट खाली केला आणि विचारलं, ‘‘मग तुम्ही मला आधी छेदाबद्दल का नाही अडवलंत?’’

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून सुरुवात झाली. दोन तासांनी गाठ शिरेला चिकटलेली दिसली, वाटलं त्यापेक्षा जास्त. रक्त नाही, गडबड नाही. सर्जनने हत्यारं खाली ठेवली, स्क्रीनकडे पाहत थोडे थांबले आणि म्हणाले, ‘‘सिस्टर, दिवे लावा.’’ पुढचे पाच तास जुन्या पद्धतीने गेले. टाके घालून झाल्यावर मी कातडीवर खुणा करायच्या पेनाबरोबर येते ती कागदी पट्टी मागून घेतली आणि मोजलं. एकवीस सेंटिमीटर. चार भोकं वेगळी. सर्जन माझ्याकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी एपिड्युरल बघायला गेले. काका खुर्चीत बसले होते, नाकातली नळी निघालेली. मला पाहून त्यांनी विचारलं, ‘‘किती?’’

‘‘एकवीस,’’ मी म्हटलं.

‘‘ते मी मोजलं हो सकाळीच,’’ त्यांनी कुशीतल्या ड्रेनच्या पिशवीकडे बोट केलं. ‘‘हिचा विचारतोय.’’

सिस्टर टेबलापाशी फोन कानाला लावून उभी होती. लॅबने होल्डवर ठेवलं होतं.